‘संतोषाने देणारा’, दशमांश आणि वर्गणी

विचारणा अशी आहे: बायबलच्या नव्या करारात पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (९:७) देवाला ‘संतोषाने देणारा’ आवडतो असं म्हटलंय. तिथे ‘आनंदाने देणारा’ म्हटलं तर बिघडतं का? आणि मंडळीच्या (चर्चच्या) सूचनापत्रकात ‘दशमांश वर्गणी’ छापतात (दशमांश म्हणजे मिळकतीचा देवाला वाहिलेला दहावा हिस्सा), ते बरोबर आहे का?

‘संतोषाने’च ठेवावं. मूळ ग्रीक शब्द हिलारोस, म्हणजे प्रसन्न, हसतमुख, आणि त्याचा चेहऱ्याशी जवळचा संबंध आहे. स्तोत्र १०४ मध्ये तेलाने माणसाचं मुख तुकतुकीत होतं. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिथे याच शब्दाचं क्रियापद आहे. कॅथलिक बायबलमधल्या सिराखच्या ग्रंथात तर (अध्याय ३५) सांगितलंय की, प्रत्येक दान देताना मुद्रा प्रसन्न ठेव आणि दशमांश हर्षाने वाहा. पौलाचं वाक्य नीतिसूत्रे २२:८ च्या ग्रीक पाठातून आलंय. तिथे देव हसतमुख दात्याला ‘आशीर्वाद देतो’, पौलाने ‘प्रीती करतो’ असं केलं. हिब्रू पाठात ही ओळ नाही, म्हणून मराठी बायबलच्या नीतिसूत्रांत शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

मग ‘हसतमुखाने’ का नको? समजावून सांगताना जरूर म्हणावं. पण पौलाने पुढेमागे काय ठेवलंय ते बघा. दुःखी मनाने नको, भाग पडतं म्हणून नको, आणि ज्याने त्याने आधी मनात ठरवावं तसं द्यावं. यातलं ‘आधी ठरवणं’ फार महत्त्वाचं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१६:२) त्याने रीतही घालून दिली: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करायला नकोत. पैसा यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होता. तेव्हा हा क्षणाचा उमाळा नव्हे. ‘आनंदाने’ म्हटलं की त्या वेळची भावना डोळ्यांपुढे येते. ‘संतोषाने’ म्हटलं की खळखळ न करता, राजीखुशीने देणं. इंग्रजीतला ‘हिलेरियस’ याच मुळातून आला म्हणून ‘खदखदून हसत द्या’ असा अर्थ काही प्रवचनांत सांगतात. तो चुकीचा आहे, कारण इंग्रजी शब्दाला तो अर्थ फार नंतर चिकटला.

एक घोटाळा मात्र ‘संतोष’ शब्दामुळेच होतो. ‘आहे त्यात संतोष’ या वळणाने काहींना वाटतं, थोडं देऊन समाधान मानावं असं पौल म्हणतोय. नाही. किती द्यावं याचा विचार आधीच्या वचनात (९:६) आलाय: हात राखून पेरणारा तसंच कापील. त्यासाठी मराठीत ‘सढळ हाताने’ आहे. सढळपणा मापाचा, संतोष मनाचा. दोन्ही लागतात, पण एकाच्या जागी दुसरा शब्द चालत नाही.

आता ‘दशमांश वर्गणी’. हे जोडू नये. वर्गणी म्हणजे सभासदाने देण्याचं ठरलेलं देणं: रक्कम सर्वांना सारखी किंवा गटवार, तिची मुदत असते, पावती असते, थकबाकी असते. म्हणून ‘थकीत वर्गणी’ छापायला हरकत नाही. ‘थकीत अर्पण’ छापू नये. अर्पणाला थकबाकी लावली की ‘भाग पडतं म्हणून’ तिथे आलंच. वर्गणी वसूल करतात, अर्पण घेतात. दशमांश आपण बाजूला काढतो आणि आणून देतो. म्हणून उपासनेत फिरवलेल्या थैलीत जाणाऱ्या पाकिटावर ‘दशमांश’ किंवा ‘अर्पण’ लिहावं, वर्गणीचं पावतीपुस्तक वेगळं ठेवावं.

दशमांश म्हणजे दहावा हिस्सा, त्यामुळे ‘दहा टक्के दशमांश’ ही पुनरुक्ती आणि ‘पाच टक्के दशमांश’ ही विसंगती. ‘दशांश’ही टाळावं, वाचकाला दशांशचिन्ह आठवतं. दशमांश कशावर धरायचा हे नवा करार सांगत नाही. एकूण पगार ३२,००० आणि हातात २८,००० येत असतील तर ३,२०० किंवा २,८००. घरात बसून एकदा ठरवावं आणि दर महिन्याला तो वाद उकरू नये. मोशेच्या नियमशास्त्रातला (जुन्या करारातला) दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल, गुरं यांचा होता. लेव्यांना (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाला) मिळालेल्या दशमांशातूनही दशमांश द्यावा लागे (गणना १८), आणि दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातल्या लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी असे (अनुवाद १४). दहाव्या भागापलीकडे मनाने दिलेलं ते ‘स्वखुशीचे अर्पण’.

गरिबाला हातावर दिलं ते दानधर्म. मत्तय ६ मधला, डाव्या हाताला कळू न देण्याचा. तो उपासनेतल्या अर्पणात मोजू नये, आणि अर्पण दिलं म्हणून तो टाळूही नये.