मनाई हुकूम असताना जमीन विकली, आता हक्क गेला का? (उत्तर)

ताई, तुमच्या भावाने आईची खोटी सही करून तडजोडीचा हुकूमनामा (दोन्ही बाजूंनी मिटवलं असं धरून कोर्टाने दिलेला निकाल) मिळवला, वर मनाई हुकूम असताना जमीन विकली, आणि वकील म्हणतात उशीर झाला. तुमचा प्रश्न वाचताना आमच्या आत्याचंच प्रकरण आठवलं. काकांनी तिच्या जागी कोर्टात दुसरीच बाई उभी केली होती. मी वकील नाही, हे अनुभवाचे बोल समजा. सातबारा म्हणजे मालकी नव्हे वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच.

हक्क असा जात नाही. फसवून मिळवलेला हुकूमनामा कायद्याने शून्य, हे सर्वोच्च न्यायालयाने चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ (१९९३) मध्ये ठणकावून सांगितलंय. पण तिथे हरला तो दावा लावणाराच! स्वतः करून दिलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र त्याने दडवलं होतं. तुमच्या आईने कधीकाळी असं काही लिहून दिलं असेल, तर ते आपणहून कोर्टासमोर ठेवा. मुदतीसाठी लिमिटेशन कायद्याचं (दावा किती मुदतीत लावायचा ते सांगणारा कायदा) कलम १७ वकिलांना दाखवा. फसवणूक असेल तर मुदत ती कळल्यापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर कळली असती तेव्हापासून धरतात. म्हणून कधी कळलं याचा कागद जपा. नकलेच्या अर्जाची पोचसुद्धा चालते.

नवा दावा टाकण्याची घाई मात्र नको. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २३ रूल ३-अ प्रमाणे तडजोडीच्या हुकूमनाम्याविरुद्ध वेगळा दावा चालत नाही, ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली तिथेच अर्ज करावा लागतो.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एक सरकारी कार्यालय. कोणतं ते लिहीत नाही. मनाई हुकमाची नक्कल घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, "कोर्टाचं पत्र आमच्या नावाने आणा, मग बघू." आवकचा शिक्का द्यायलाही तयार नाहीत. आम्ही पत्रासाठी कोर्टात खेटे घालतोय तोवर त्याच कार्यालयात खरेदीखत नोंदलं गेलं. नंतर विचारलं तर म्हणे, "आम्हाला कळवलंच नव्हतं." पगार कसला घेतात कोण जाणे! तेव्हा हुकूम हातात पडला की त्याच दिवशी नक्कल नोंदणी केलेल्या स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. दुय्यम निबंधक, तलाठी, तहसीलदार, सगळ्यांना. तोंडी बोलण्यावर विसंबू नका.

विक्री झालीच आहे, तर त्याच संहितेच्या ऑर्डर ३९ रूल २-अ खाली अर्ज करा. मालमत्तेवर जप्ती येते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होते. माझं स्पष्ट मत, भावाला आत टाकण्याच्या नादी लागू नका. आधीची स्थिती परत आणा म्हणून मागणी लावून धरा. सुरजित सिंग विरुद्ध हरबन्स सिंग (१९९५) मध्ये मनाई मोडून झालेलं हस्तांतर कोर्टाने मानलं नाही. "त्या कोर्टाला अधिकारच नव्हता" असा बचाव येईल, त्यावर मुंबईतून सर्वोच्च न्यायालयात गेलेलं तय्यबभाई बगसरवाला प्रकरण (१९९७) आहे: अधिकाराचा निकाल नंतर उलटा लागला तरी तोवरची मनाई मोडल्याची शिक्षा टळत नाही. निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही, तुमचे कागद वकिलांनी बघायला हवेत.

जमीन मुंबईत असेल तर दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (या जमिनीवर दावा चालू आहे अशी सूचना) नोंदवून घ्या, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १९३९ च्या दुरुस्तीमुळे तिथे ती लागते. आणि 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाचे फेरफार (जमिनीच्या नोंदींतले बदल) पाहत राहा, खरेदीदाराचा फेरफार अजून मंजूर नसेल तर १५ दिवसांत लेखी हरकत टाकता येईल.