प्रो मोडमध्ये नेमका कोणता आकडा हातात घ्यायचा? वाचकांची प्रश्नोत्तरे

पावसाळी सहलींपासून दिवाळीपर्यंत फोनच्या कॅमेऱ्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी ज्यांचा संबंध हाताने करावयाच्या सेटिंगशी, म्हणजे प्रो मोडशी आहे, असे काही प्रश्न येथे घेतले आहेत. फोनच्या कंपनीनुसार बटणांच्या जागा बदलतात. त्यामुळे उत्तरांत बटणांऐवजी आकड्यांवर भर दिला आहे.

प्रश्न : प्रो मोडमध्ये काढलेले माझे फोटो साध्या मोडमधल्या फोटोंपेक्षा वाईट येतात. आकाश पांढरे पडते, सावलीत दाणे दिसतात. मग हा मोड दिला तरी कशासाठी? (सांगली)

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. साध्या मोडमध्ये बटण दाबल्यावर फोन एकच फोटो काढत नाही. तो क्षणार्धात अनेक फ्रेम टिपतो, त्या एकमेकींवर जुळवून बसवतो आणि त्यांतून आकाशाचा रंग व सावलीतला तपशील दोन्ही राखलेले एक चित्र तयार करतो. गुगलने २०१३-१४ च्या सुमारास नेक्सस फोनमध्ये ही पद्धत आणली आणि आज बहुतेक सर्व कंपन्या तिचा कोणता ना कोणता अवतार वापरतात. प्रो मोडमध्ये गेल्यावर मात्र बऱ्याच फोनमध्ये ही जुळवाजुळव थांबते आणि एकच फ्रेम हाती येते. फोनचे सेन्सर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिप, मुळात लहान असल्याने त्या एका फ्रेममध्ये दाणेही जास्त आणि उजेड-सावली पेलण्याची ताकदही कमी.

म्हणून खिडकीसमोर बसलेली व्यक्ती, भर उन्हातला वाडा, घरातला साधा समूहफोटो यांसाठी प्रो मोडच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जेथे आपल्या मनात काय आहे हे फोनला कळू शकत नाही, तेथेच त्याचा उपयोग. पाणी रेशमासारखे दिसावे की थेंब गोठावेत, पणतीचा पिवळेपणा राहावा की जावा, हे ठरवणे फोनचे काम नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यावरची पुस्तके वाचून फोनकडे वळणाऱ्यांचा अ‍ॅपर्चरमुळे गोंधळ होतो. अ‍ॅपर्चर म्हणजे भिंगातून उजेड आत येण्याचे छिद्र, आणि ‘एफ/’नंतरचा आकडा जितका लहान, तितके ते छिद्र मोठे. सॅमसंगच्या २०१८ मधल्या गॅलेक्सी एस९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ अशी दोन अ‍ॅपर्चर होती, शाओमीच्या १४ अल्ट्रामध्ये ते एफ/१.६३ पासून एफ/४ पर्यंत बदलते. पण असे अपवाद सोडले तर फोनचे अ‍ॅपर्चर कायमचे ठरलेले असते. आपल्या हातात उरतात ते शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि आयएसओ (टिपलेला उजेड किती वाढवायचा). त्यातही अनेक फोनमध्ये एक आकडा आपण ठरवला की दुसरा फोन स्वतः सांभाळतो. सुरुवात करणाऱ्याने एका वेळी एकच आकडा हातात घ्यावा. सगळे आकडे एकदम फिरवले, तर फोटो कशामुळे बिघडला हेच कळत नाही.

प्रश्न : माळशेज घाटात धबधब्याचे पाणी दुधासारखे दिसावे म्हणून शटर अर्धा सेकंद ठेवले, तर संपूर्ण फोटो पांढरा आला. आयएसओ सर्वांत कमी, म्हणजे ५० होता. काय चुकले? (कल्याण)

उत्तर : चुकले काहीच नाही, फक्त उजेड फार होता. स्वच्छ उन्हात एफ/१६ अ‍ॅपर्चरला आयएसओ जेवढा, तेवढ्या भागाचे शटर, हा छायाचित्रकारांचा जुना हिशेब आहे. म्हणजे आयएसओ ५० असेल तर शटर १/५० सेकंद. आपल्या फोनचे अ‍ॅपर्चर एफ/१.८ धरले, तर एफ/१६ च्या तुलनेत त्यातून सुमारे ८० पट उजेड आत येतो, म्हणून त्याच उन्हात शटर १/४००० सेकंदाच्या आसपास लागते. पावसाळी ढगांमुळे उजेड आठ पटींनी कमी झाला असे मानले, तरी १/५०० सेकंद पुरते. आपण दिलात अर्धा सेकंद, म्हणजे गरजेच्या अडीचशे पट.

मोठ्या कॅमेऱ्यात अशा वेळी अ‍ॅपर्चर बारीक करता येते. फोनमध्ये तो मार्ग बंद असल्याने भिंगावर काळसर काच लावूनच उजेड अडवावा लागतो. तिला एनडी फिल्टर म्हणतात, आणि फोनला चिमट्याने लावता येणारे असे फिल्टर सहज मिळतात. त्यावरचा आकडा उजेड किती पटींनी कमी होतो ते सांगतो. एनडी ६४ लावला, तर १/५०० चे शटर १/८ सेकंदापर्यंत खाली येते. दरीच्या सावलीत, दाट झाडीत किंवा संध्याकाळी, जेथे मुळातच १/१०० सेकंद लागत असेल, तेथे तोच फिल्टर अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ देतो. पाण्याला मऊपणा येण्यासाठी १/८ पासून एक सेकंदापर्यंतचा काळ सहसा पुरेसा असतो. त्यापुढे गेले की पाण्याच्या धारा हरवतात आणि कड्यावर कापूस चिकटवल्यासारखे दिसते. निदान मला तरी ते आवडत नाही.

चिमटा लावताना फिल्टर मुख्य भिंगावरच बसला आहे, याची खात्री करून घ्या. फोनला तीन भिंगे असली आणि झूम बदलला, की फिल्टर एकीकडे आणि चित्र दुसरीकडे, असा प्रकार होतो. ट्रायपॉड लागेलच. तो नसेल तर फोन खडकाला टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने फोटो हलणार नाही. ट्रायपॉडच्या नादात निसरड्या कातळावर उतरू नये, हे घाटात फिरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

फिल्टरवर खर्च करायचा नसेल, तर आयफोनमध्ये २०१७ पासून लाइव्ह फोटोला ‘लाँग एक्स्पोजर’चा परिणाम देता येतो, आणि पिक्सेलसारख्या काही फोनमध्ये त्यासाठी वेगळा मोड आहे. तेथे फोन अनेक फ्रेम मिसळून तोच आभास तयार करतो. पाण्याच्या कडांवर कधी कधी त्याचे जोड दिसतात, पण मोबाइलच्या पडद्यापुरते ते चालून जाते.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीच्या नृत्याचे फोटो काढले. चेहरा पांढराफटक, हात धूसर आणि काही फोटोंवर आडवे काळे पट्टे. एकाच कार्यक्रमात तिन्ही दोष कसे? (नाशिक)

उत्तर : तिन्हींची कारणे वेगळी आहेत. रंगमंचाचा मागचा पडदा काळा असतो आणि चौकटीचा बराचसा भाग तोच व्यापतो. ‘दृश्य फार अंधारे आहे’ असे समजून फोन उजेड वाढवतो आणि त्यात प्रकाशझोतातला चेहरा जळतो. मीटरिंग (उजेडाची मोजणी) ‘स्पॉट’वर, म्हणजे एकाच ठिकाणी ठेवून ती चेहऱ्यावर करावी, किंवा साध्या मोडमध्येच एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे १ पर्यंत खाली आणावे. पडदा अधिक काळा झाला तर बिघडत नाही.

हात धूसर होतात ते मंद शटरमुळे. फोनमधली स्थिरीकरणाची सोय आपल्या हाताचा कंप सांभाळते. समोरच्या नाचणाऱ्या मुलीचा वेग ती थांबवू शकत नाही. नृत्यासाठी शटर १/२०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे आणि आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत जाऊ द्यावा. थोडे दाणे आलेला पण स्पष्ट फोटो ठेवता येतो. धूसर फोटो मात्र कोणत्याही अ‍ॅपने सुधारत नाही. लांबून झूम करण्यापेक्षा पुढची खुर्ची गाठावी, कारण झूमचे भिंग बहुधा मुख्य भिंगापेक्षा कमी उजेड घेते आणि त्यामागचा सेन्सरही लहान असतो.

पट्ट्यांचे कारण विजेत आहे. आपल्याकडे वीजप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते जाणवत नाही. पण फोनचा सेन्सर चित्र एका ओळीनंतर दुसरी असे वाचतो, त्यामुळे शटर फार जलद असेल, तर काही ओळी दिवा प्रखर असताना आणि काही तो मंद असताना टिपल्या जातात. १/१०० किंवा १/५० सेकंदाला दिव्याचे पूर्ण फेरे पकडले जातात आणि पट्टे जातात. (अमेरिकेत वारंवारता ६० हर्ट्झ असल्याने तेथील मंडळाच्या गणेशोत्सवात १/१२० किंवा १/६० ठेवावे.) येथे आपली ओढाताण होणार, कारण नृत्याला १/२०० हवे आणि दिव्यांना १/१०० हवे. अशा वेळी मी १/१०० ठेवून नर्तिका क्षणभर थांबते त्या मुद्रेची वाट पाहीन. मागे एलईडीची मोठी भिंत असेल, तर हा हिशेब लागू पडेलच असे नाही. पडद्याकडे पाहत शटर हळूहळू बदलत जावे आणि पट्टे विरतील तेथे थांबावे.

प्रश्न : पणत्यांचा फोटो डोळ्यांना दिसतो तसा सोनेरी येत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा मानायचा ते ठरवणारे सेटिंग) आपोआपवर असेल, तर फोन पिवळा उजेड हा दोष समजून तो पांढऱ्याकडे ढकलतो. ज्योतीच्या प्रकाशाचे रंग-तापमान (उजेडाचा रंग सांगणारा आकडा) १,९०० केल्विनच्या आसपास, तर दुपारच्या उन्हाचे ५,५०० च्या आसपास असते. फोनला आपण जो आकडा सांगतो, त्या उजेडाला तो पांढरा मानतो. म्हणून आकडा कमी केला की चित्र निळसर आणि वाढवला की पिवळसर होते. पणत्यांसाठी ३,५०० ते ४,००० च्या दरम्यान ठेवून पाहा. सरळ ५,५०० ठेवले तर सगळे भगवे दिसते आणि रांगोळीतला हिरवा रंग ओळखू येत नाही.

एक्स्पोजर थोडे उणे ठेवले तर ज्योतीचा आकार टिकतो. सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी आकाशात गडद निळाई असते. त्या वेळी अंगणातला फोटो घेतला, तर सोनेरी आणि निळा हे दोन्ही रंग आपोआप मिळतात. आणि त्याआधी भिंग पुसून घ्या. बोटाचा तेलकट ठसा राहिला असेल, तर प्रत्येक ज्योतीतून रेघा फुटतात आणि आपण उगाच सेटिंग बदलत बसतो.

प्रश्न : आयफोनमध्ये प्रो मोड दिसत नाही. (पणजी)

उत्तर : आयफोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर व आयएसओचे आकडे ठरवता येत नाहीत. त्यासाठी हॅलाइडसारखे वेगळे अ‍ॅप घ्यावे लागते. मात्र पडद्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात, मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करता येतो. पुष्कळ प्रसंगी एवढ्यावर भागते.

प्रश्न : भंडारदऱ्याला काजव्यांचे फोटो फोनवर काढता येतील का? फटाक्यांसाठीचेच सेटिंग चालेल का? (पुणे)

उत्तर : येतात, पण दोन्हींचे सेटिंग एक नाही, त्यामागचे तत्त्व मात्र एक आहे. स्थिर वस्तूवर शटर जितका वेळ उघडे, तितकी ती उजळ होते. फिरणारा किंवा क्षणभर चमकणारा प्रकाश सेन्सरच्या एका ठिपक्यावर अगदी थोडा वेळच पडतो, त्यामुळे शटर लांबवले तरी त्याची रेघ उजळत नाही, फक्त रेघा वाढतात. तिचा उजळपणा ठरवतात अ‍ॅपर्चर आणि आयएसओ. फोनचे अ‍ॅपर्चर मोठे असल्याने फटाक्यांच्या रेघा जळून पांढऱ्या पडतात. शटर कमी करून त्यांचा रंग परत येत नाही. आयएसओ ५० ठेवावा, शटर एक ते दोन सेकंद आणि रेघा तरीही पांढऱ्या येत असतील, तर वर सांगितलेल्या प्रकारचाच एनडी ८ फिल्टर लावावा.

काजव्यांचा उजेड मंद, म्हणून तेथे उलट करायचे. आयएसओ ८०० ते १६००, शटर १५ ते ३० सेकंद. एका फोटोत मोजकेच ठिपके येतील. झाडभर लखलखाट दिसणारी चित्रे बहुतेक वेळा ट्रायपॉड न हलवता घेतलेल्या अनेक फोटोंना संगणकावर एकत्र करून तयार केलेली असतात, हे माहीत असू द्या, म्हणजे निराशा होणार नाही. असे फोटो पुढे जोडायचे असतील, तर व्हाइट बॅलन्सही एकाच आकड्यावर बांधून ठेवावा.

अंधारात फोन फोकस शोधत बसतो. त्यासाठी उजेड असतानाच हव्या त्या झाडावर फोकस करून तो मॅन्युअलवर तसाच ठेवावा. फोकसची पट्टी अगदी शेवटच्या टोकाला नेली की दूरचे सगळे स्पष्ट येईलच असे नाही. काही फोनमध्ये टोकापासून किंचित मागे यावे लागते, तेव्हा एक फोटो काढून तो मोठा करून तपासावा.

मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात काजवे चमकतात, ते जोडीदाराला खूण पटवण्यासाठी. बॅटरी, फ्लॅश, गाडीचे दिवे यांच्या उजेडात ती खूण हरवते. फ्लॅश बंद, फोकससाठी लागणारा छोटा दिवा बंद आणि पडद्याचा उजेड सर्वांत कमी, एवढे केल्याशिवाय झाडाजवळ जाऊ नये.

प्रश्न : रॉ फाइल ठेवावी का? (नागपूर)

उत्तर : फोटोवर नंतर काम करणार असाल तरच. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली, फोनने अजून न घडवलेली माहिती. डीएनजी प्रकारच्या रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स नंतरही बदलता येतो आणि सावलीतला तपशील जेपेगपेक्षा, म्हणजे नेहमीच्या फोटो-फाइलपेक्षा, बराच वर काढता येतो, पण जळून पांढरा झालेला भाग तिच्यातूनही परत येत नाही. बारा मेगापिक्सेलची एक फाइल वीस एमबीच्या आसपास जाते, म्हणून रॉ आणि जेपेग दोन्ही साठवण्याचा पर्याय निवडून घरी आल्यावर नको त्या रॉ काढून टाकाव्यात. उघडण्यासाठी फोनवरचे लाइटरूम किंवा स्नॅपसीड पुरते. तयार झालेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फोटो म्हणून पाठवला तर त्याचा आकार कमी होतो.