वाचकांचे प्रश्न : लेक कोलंबसला निघालीय, जावयाला तिथं नोकरी मिळेल का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात कमिन्स या ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे, कंपनी तिला आता अमेरिकेत इंडियानातल्या कोलंबसला पाठवतेय, दोन-तीन वर्षांसाठी. जावई आयटीत, टेस्टिंग करतात, त्यांना इथली नोकरी सोडावी लागेल. मुलगी म्हणते, आई तिथल्या काउंटीत बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आसपास आहे, काही काळजी करू नकोस. हे तीन टक्के कसे समजायचे ते सांगाल का? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फक्त आकाराने खूप लहान. कोलंबस हे बार्थोलोम्यू काउंटीचं मुख्य गाव आणि 2020 च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत माणसं होती 82 हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्या कोथरूडपेक्षा कमीच.

आता ते तीन टक्के. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून शंभर धरले तर त्यातल्या तिघांना काम मिळालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. जो शोधतच नाही तो यात येत नाही. उद्या जावई तिथं गेले आणि परमिट नाही म्हणून घरी बसले, तर ते बेरोजगारांत धरले जाणारच नाहीत, आकडा तीनचा तीनच राहील. शिवाय हा दर माणूस राहतो कुठे त्यावरून काढतात, काम करतो कुठे त्यावरून नाही, आणि कोलंबसला तर शेजारच्या जेनिंग्ज, जॅक्सन, डेकॅटर काउंट्यांमधून लोक रोज गाडी काढून कामाला येतात. म्हणून दर बघून झाला की नोकऱ्या कसल्या आहेत तेही बघायचं.

तिथं जवळपास तीनातली एक नोकरी कारखान्यातली आहे, पूर्ण अमेरिकेत हेच प्रमाण बारात एकाच्या आसपास. कमिन्स तिथं 1919 पासून आहे, त्याशिवाय टोयोटाचा फोर्कलिफ्टचा कारखाना, एनटीएनचे ड्राइव्हशाफ्ट, एन्केईची चाकं. त्यामुळे जागा निघतात त्या जास्त करून असेंब्ली, वेल्डिंग, मेंटेनन्स, शिफ्टच्या कामाच्या, नाहीतर हॉस्पिटलात नर्सच्या. सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या माणसाला गावात फार दारं नाहीत, त्याला इंडियानापोलिसकडे बघावं लागतं, ते 70-75 किलोमीटरवर आणि रोज जायचं तर स्वतःची गाडी लागणार, म्हणजे घरात दोन गाड्या. हा खर्च आत्ताच धरा.

दुसरं म्हणजे ट्रकच्या इंजिनाचा धंदा भरती-ओहोटीचा. मालवाहतूक चांगली चालली की ट्रकवाले नवीन गाड्या घेतात, थंडावली की सगळ्यात आधी तेच थांबतात, आणि धुराचे नियम कडक होणार असले की आधीच्या वर्षी खरेदीला झुंबड उडते. 2006 ला असंच झालं, नियम लागायच्या आत भरपूर ट्रक विकले गेले आणि 2007 मध्ये ऑर्डरी धाडकन खाली. आता 2027 चे नियम पुढे आहेतच. त्याच राज्यातली एल्कहार्ट काउंटी बघा, तिथं फिरत्या घरांच्या गाड्या बनतात, 2009 च्या मंदीत तिथली बेरोजगारी 20 टक्क्यांच्या घरात गेली होती आणि 2018 मध्ये तीनच्या खाली होती. गाव तेच, माणसं तीच, धंदा एकच, म्हणून एवढा झोका.

मला हे इतकं टोचतं कारण मी सोलापूरची. माझे वडील गिरणीत होते, गिरणी चालू होती तोवर आमच्या गल्लीत काम नसलेला माणूस शोधून सापडला नसता, आणि बंद पडली तेव्हा नुसते कामगार नाही बसले, कोपऱ्यावरचा चहावाला, शिंपी, आमचा किराणावाला सगळेच बसले. कोलंबसचं तसं होईल असं मी म्हणत नाहीये हं, कंपनी मजबूत आहे, शंभर वर्षं टिकलीय. पण घरातले दोन्ही पगार एकाच धंद्यावर टांगायचे का, हा विचार जाण्याआधी करायचा असतो.

आणि व्हिसा. मुलगी कंपनीच्या बदलीवर एल-वनवर जात असेल तर नवऱ्याला एल-टू मिळतो आणि नोव्हेंबर 2021 पासून एल-टूवरच्या जोडीदाराला वेगळं वर्क परमिट न काढता काम करता येतं, ही तुमच्यासाठी खरी चांगली बातमी. एच-वन-बी असेल तर मात्र एच-फोरवर तसं नाही, मुलीच्या ग्रीन कार्डच्या वाटेतला आय-140 हा अर्ज मंजूर झाल्याशिवाय सहसा परमिट मिळत नाही, म्हणजे दोन-तीन वर्षं तशीच जाऊ शकतात. पण एल-वनला एक गाठ आहे, त्यावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. म्हणजे गावही एका कंपनीचं आणि व्हिसाही तिचाच, नोकरी गेली तर तिथं राहायला जास्तीत जास्त 60 दिवस, आणि जावयांचा एल-टूही तिच्याच व्हिसावर अवलंबून. म्हणून मुलीने एचआरला आत्ताच विचारावं, व्हिसा कुठला, परत आल्यावर पुण्यात कुठल्या पदावर घेणार, आणि ते मेलवर लिहून घ्यावं, तोंडी नको. जावयांनी राजीनाम्याआधी बिनपगारी लांब सुट्टी मिळते का ते विचारून बघावं, आणि निघण्याआधीच इंडियानापोलिसमधल्या जागांना अर्ज टाकायला लागावं. मुलीला जाऊ द्या ताई, संधी मोठी आहे. फक्त पहिलं वर्ष तिच्या एकटीच्या पगारात निघेल असा हिशोब मांडून जाऊ द्या.

प्रश्न : तिकडे अमेरिकेत लहानशा काउंटीचे बेरोजगारीचे आकडे दर महिन्याला येतात म्हणे, मग आपल्या जिल्ह्याचे का मिळत नाहीत? – एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : महिन्याचा दर आपल्याकडेही 2025 पासून येतो, पण तो देशाचा, जिल्ह्याचा नाही. केंद्र सरकारची रोजगाराची जी पाहणी असते, पीएलएफएस, तिच्या नमुन्यात आता जिल्हा हा पाया धरलाय, त्यामुळे पुढे आशा आहे. तोवर राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन बघा, त्यात कारखाने वगैरे माहिती असते. पण घरात बसून विड्या वळणारी बाई, दोन मागांवर चादरी विणणारं घर, महिन्याला किती काम आलं आणि किती दिवस हात रिकामे राहिले, हे त्यातून कळत नाही. वडिलांच्या गिरणीतले लोक पुढे काय करायला लागले, तेही मला कुठल्या तक्त्यात सापडलं नाही. कोण रिक्षा चालवायला लागलं, कोण पुण्याला वॉचमन झालं, हे मला आईच्या तोंडून कळलंय.