मरण बघून रडू येतं, मग डॉक्टर कशी होऊ?

पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातून बारावी सायन्सच्या मुलीचं पत्र आलंय. आजीला तोंडाचा कॅन्सर होता. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी फाईल चाळत 'आता घरी न्या' एवढंच सांगितलं. पुढे महिनाभर आजी विव्हळत होती, तिचं तोंड ही पोरगीच पुसायची आणि मग गोठ्यात जाऊन रडायची. 'इतकं हळवं मन असलं तर जमते काय? आणि डॉक्टर लोक देव मानतात काय?' असं तिने विचारलंय.

बेटा, दुसरा प्रश्न मला सहसा कोणी विचारत नाही, म्हणून आधी तोच घेतो.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते तू ऐकलं असशील. तसे रोगी मी त्याआधीही पाहिलेत. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अन् दर काही मिनिटांनी ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचा उतारा. एका रात्री अशाच एका पोराच्या कपाळाला आईने शेगावचा अंगारा लावला. मी तेव्हा नवा होतो, तिच्यावर खेकसलो. पहाटे पोरगा गेला. सांगायला व्हरांड्यात गेलो, तर बाप माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "डाक्टर, रातभर उभेच होते तुमी. चहा तरी घेतला काय?"

मला काही बोलता आलं नाही. तेव्हापासून अंगारा मी पुसत नाही. सलाईनच्या सुईपाशी पडू नये, तेवढं बघतो. देव मानतो का, याचं माझं उत्तर दर दोन-चार वर्षांनी बदलतं. (दसऱ्याला स्टेथोस्कोपची पूजा मात्र होते. बायको सोडत नाही.)

आता रडण्याचं. रडून झाल्यावर तू परत खाटेजवळ गेलीस की नाही, मी एवढंच बघतो. तू महिनाभर गेलीस. आमच्या बॅचचे कितीतरी हुशार लोक, उपचार संपले की त्या खाटेकडे फिरकत नसत. दुष्ट नव्हते ते; तिथे काय बोलायचं हे आम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद हा विषय रीतसर आलाय. कागदावर तरी आलाय.

'घरी न्या' म्हटल्यावरही आजीसाठी पुष्कळ करता आलं असतं. कॅन्सरच्या दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. 2014 मध्ये कायदा बदलून त्या मिळणं सोपं केलं, तरी लिहून देणारे डॉक्टर खेड्यापाड्यात विरळाच. रोग बरा होणार नसला तरी रोग्याचा त्रास कमी करायचा, ही पॅलिएटिव्ह केअरची शाखा आहे, एमबीबीएसनंतर तिच्यात एमडीही करता येतं. तुझं पत्र वाचताना मला तीच आठवत होती.

बाकी हिशेब तुला ठाऊक असेल: नीट 720 गुणांची, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. सेवाग्रामचं कॉलेज मनात ठेव. 1969 पासूनचं आहे, नव्या विद्यार्थ्यांचं पहिलं शिबिर गांधीजींच्या आश्रमात होतं. प्रवेश तिथेही नीटवरच. गुण कमी पडले तर बीएस्सी नर्सिंगला नाक मुरडू नकोस. खाटेजवळ सगळ्यात जास्त वेळ नर्सच असते.

आधी एक कर. गावातल्या आशाताईंना विचारून आठवडाभर त्यांच्यासोबत आजारी माणसांच्या घरी जा. कापूस वेचणीत घरचे सोडत नाहीत म्हणतेस, तर सकाळचा एक तास पुरे. मग मला परत लिही.