राइट ऑफ झालेलं मशीन गेलं कुठे, हे विचाराच

तुम्ही लिहिलंय की एका छोट्या कंपनीत तुमचे थोडे शेअर आहेत, सलग दोन वर्षं अहवालात 'उपकरणे राइट ऑफ' अशी एकच ओळ आणि पुढे आकडा, बाकी खुलासा काही नाही, आणि विचारलं तर चालवणाऱ्यांना राग येईल अशी भीती वाटते. विचारा हो, हक्काने विचारा. मी बरीच वर्षं अकाउंट्समध्ये आहे, त्यातली सुरुवातीची ऑडिटमध्ये गेली. राइट ऑफ करणं, म्हणजे वस्तू हिशोबाच्या पुस्तकातून काढून टाकणं, यात गैर काही नाही, मशिनं जुनी होतात, मोडतात. पण मशीन हवेत विरत नाही ना, ते विकलं जातं, भंगारात जातं, चोरीला जातं, जळतं नाहीतर कोपऱ्यात पडून राहतं, आणि यातलं काहीही झालं तरी त्याचा कुठेतरी कागद असतो. तुम्हाला तो कागद मागायचाय, बाकी काही नाही.

त्याआधी अर्धा तास काढून अहवालातली स्थिर मालमत्तेची (मशिनं, इमारती वगैरे) नोट वाचा. वर्षाच्या सुरुवातीची किंमत, नवीन घेतलेलं, काढून टाकलेलं, अखेरची किंमत, आणि तसाच घसाऱ्याचा, म्हणजे वापरामुळे दरवर्षी कमी धरलेल्या किंमतीचा हिशोब, हा मेळ आयएएस १६ हा स्थिर मालमत्तेचा आंतरराष्ट्रीय हिशोबी नियम लावणाऱ्या कंपनीला द्यावाच लागतो. समजा १०० ला घेतलेलं मशीन, आयुष्य १० वर्षं धरलं, म्हणजे दरवर्षी १० घसारा. ते १० वर्षांनी काढलं तर किंमतीतून १०० गेले आणि घसाऱ्यातूनही १०० गेले, नफ्याला धक्का नाही, असं दिसलं तर बरीचशी काळजी मिटली. पण तेच तिसऱ्या वर्षाअखेर काढलं तर पुस्तकात अजून ७० शिल्लक आहेत, भंगाराचे ५ आले तर ६५ तोटा. मग १० वर्षं चालेल म्हणून धरलेलं मशीन तिसऱ्याच वर्षी का गेलं हे सांगायला नको?

कॅश फ्लोमध्येही, म्हणजे रोख आली-गेलीच्या तक्त्यातही बघा, मालमत्ता विकून आलेली रक्कम गुंतवणुकीच्या भागात दिसते. तिथे शून्य असेल आणि राइट ऑफ मोठा असेल तर मला खटकतं, कारण लोखंड-तांब्याचं काहीतरी येतंच.

एक अनुभव सांगतो. ऑडिटला नवीन होतो, एका कारखान्यात यादीत दोन कॉम्प्रेसर राइट ऑफ दाखवलेले. मी रजिस्टरमधले नंबर वहीत उतरवून शेडमध्ये गेलो. एक खरंच मेलेला होता, झाकण उघडं, आत गंज. दुसरा चालू. हात लावला तर गरम, कंपनीचा टॅग काढलेला पण रिव्हेटची दोन भोकं तशीच, आणि बनवणाऱ्याच्या पट्टीवरचा सिरियल नंबर आमच्या रजिस्टरशी तंतोतंत जुळला. सुपरवायझर म्हणाला, साहेब हा भाड्याने आणलाय. भाड्याची बिलं मागवली तर ती एका डायरेक्टरच्या नातेवाइकाच्या फर्मची निघाली, म्हणजे स्वतःचंच मशीन फुकटात बाहेर काढून त्याचंच भाडं कंपनी भरत होती. नुसती नोट वाचून हे कधीच कळलं नसतं, म्हणून 'कोणाला दिलं' हा प्रश्न मी कधी सोडत नाही.

दुसरीही एक युक्ती असते, मशीन मुळात आलेलंच नसतं, खरेदी फक्त बिलावर, आणि दोन-तीन वर्षांनी राइट ऑफ करून ती नोंद पुसून टाकायची. त्यामुळे खरेदीचं वर्ष आणि पुरवठादारही विचारा. आणि कधी कधी चोरी नसते, आधीच्या वर्षांत घसारा कमी लावून नफा चांगला दाखवलेला असतो आणि तो साठलेला खर्च एकदम बाहेर येतो. अमेरिकेतल्या वेस्ट मॅनेजमेंटने कचऱ्याच्या ट्रकचं आयुष्य आणि शेवटी विकून येईल अशी धरलेली किंमत कागदावर वाढवून घसारा दाबला होता, १९९८ मध्ये जुन्या वर्षांचा नफा १.७ अब्ज डॉलरने खाली आणावा लागला. ती कंपनी केवढी, तुमची केवढी, पण युक्ती छोट्या जागीही चालते.

आता कसं विचारायचं. लेखी, छोटं, आणि आरोप अजिबात नको. मी असं लिहीन: 'अहवालातील उपकरणांच्या राइट ऑफमधील प्रत्येक वस्तूचं नाव, खरेदीचं वर्ष व पुरवठादार, मूळ किंमत, राइट ऑफच्या वेळची शिल्लक किंमत, कारण, मंजुरी कोणी दिली, विल्हेवाट कशी लावली, कोणाला दिली व किती रक्कम आली, हे कळवावं.' उपकरणं कर्जाला तारण असतील तर कर्ज देणाऱ्याला कळवलंय का, नुकसान झालं असेल तर विम्याचा क्लेम केला का, हेही जोडा. ज्याच्याकडे मालमत्तेचं रजिस्टर नीट आहे त्याला हे काढायला एक दुपार पुरते.

आणि 'ऑडिटरने पाहिलंय' एवढंच उत्तर आलं तर थांबू नका, परत लिहा की ऑडिटरने मशीन पाहिलं की फक्त यादी पाहिली.