अस्वलाचा रंग, पेंगणारा बाप आणि थिसिसचा विषय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उझबेक साहित्याबद्दल छोटंसं टिपण छापलं होतं, त्यात शाळा आणि मानसशास्त्राचा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा, आणि गंमत म्हणजे बहुतेक पत्रं त्या दोन ओळींवरच आली. त्यातली काही इथे घेतेय. नावं दिलेली नाहीत.

ताई, मी एम.ए. सायकॉलॉजी करतेय. आमच्या नोट्समध्ये एकच ओळ आहे की लुरिया यांनी उझबेकिस्तानात संशोधन करून सिद्ध केलं की निरक्षर माणसाला तर्क करता येत नाही. खरंच असं आहे का? परीक्षेत काय लिहू?

आधी ती ओळ खोडून टाक, मग बोलू.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया मॉस्कोहून टीम घेऊन १९३१ आणि १९३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या खेड्यांत आणि किर्गिझस्तानच्या डोंगराळ भागात गेले होते, कल्पना त्यांची आणि त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांची मिळून होती पण व्हिगॉट्स्की स्वतः काही गेले नाहीत. शाळा आली, सामूहिक शेती आली, म्हणजे जगण्याची रीतच बदलली की माणसाची विचार करायची पद्धतही बदलते का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून गटही तसेच निवडले. घराच्या आतल्या भागात राहणाऱ्या, परक्या पुरुषासमोर न येणाऱ्या निरक्षर बायका, दूरच्या गावातले शेतकरी, थोडंफार शिकलेले कोलखोजवाले, म्हणजे सामूहिक शेतीतले लोक, आणि शिक्षिका व्हायचं ट्रेनिंग घेणाऱ्या मुली. आणि हे काही लॅबमध्ये बसवून नाही, चहाखान्यात गप्पा मारता मारता, कोडी घालतात तसे प्रश्न.

आता उत्तरं बघ, कारण सगळी मजा तिथे आहे. बायकांना रंगीत लोकरीच्या लडी दिल्या आणि सांगितलं की सारख्या रंगाच्या एकत्र करा. त्या करेनातच. ही पीच फळासारखी आहे, ही वासराच्या शेणासारखी, ह्या एकत्र कशा ठेवायच्या? भरतकाम करणाऱ्या बायका त्या, त्यांना 'तपकिरी' नावाचा एकच गठ्ठा दिसत नव्हता, प्रत्येक छटा वेगळी दिसत होती. मग हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका, यातला वेगळा कोणता? तू म्हणशील ओंडका, बाकीची हत्यारं. एका शेतकऱ्याने सांगितलं सगळेच लागतात. तिघं हत्यारं आहेत असं कोणीतरी म्हणालं असं त्याला सांगितल्यावर त्याचं म्हणणं काय, तर हत्यारं असली तरी लाकूड नको का, त्याशिवाय बांधणार काय! आणि ते प्रसिद्ध अस्वलाचं कोडं: दूर उत्तरेला जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोव्हाया झेम्ल्या उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कुठल्या रंगाची? यावर एकाने सांगितलं की मी काळं अस्वल बघितलंय, दुसरं बघितलं नाही, जिथले प्राणी तिथल्यासारखे असतात, आणि आम्ही जे बघितलं तेवढंच बोलतो.

याला तर्क येत नाही म्हणायचं? 'जिथले प्राणी तिथल्यासारखे' हा तर्कच आहे की. फक्त तो प्रश्नाच्या आत राहून उत्तर द्यायला तयार नाहीये. आणि शाळेत आपल्याला बरोब्बर तेच शिकवतात, की बाहेरचं काही आणू नकोस, दिलेल्या वाक्यांतूनच उत्तर काढ. लुरियांच्याच नोंदींत जे थोडेसे शिकले होते तेसुद्धा हे कोडं सहज सोडवतात. म्हणजे लुरियांचा मुद्दा डोक्याच्या कुवतीचा नव्हताच, अनुभव आणि शिक्षणाने विचाराची रीत घडते हा होता. पुढे सिल्व्हिया स्क्रिब्नर आणि मायकेल कोल यांनी लायबेरियातल्या वाई लोकांवर काम केलं, त्या लोकांची स्वतःची लिपी आहे आणि ती शाळेत न जाता शिकतात, त्यामुळे लिहिता-वाचता येणं आणि शाळेत जाणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून बघता आल्या. अशा कोड्यांमधला फरक मुख्यतः शाळेमुळे पडतो असं त्यांना दिसलं. त्यांचं पुस्तक १९८१ चं आहे, लायब्ररीत मिळेल.

अजून एक, जे नोट्समध्ये कधीच नसतं. साल १९३१ आहे. जमिनी काढून घेऊन कोलखोज बनवणं जोरात सुरू, चारच वर्षांपूर्वी बायकांचे बुरखे काढायची सरकारी मोहीम झालेली, तिच्यात कित्येक बायकांचे जीव गेलेले, आणि अशा वेळी राजधानीतून आलेली माणसं वही उघडून विचारतायत की न पाहिलेल्या गोष्टीबद्दल तुझं मत सांग. 'जे बघितलं नाही त्याबद्दल बोलत नाही' हे मला तरी चांगलं शहाणपणाचं उत्तर वाटतं. हा माझा अंदाज झाला, परीक्षेत लिहू नकोस, पण कुठलाही इंटरव्ह्यूचा डेटा वाचताना कोण विचारतंय, कोणाला आणि कधी, हे आधी बघायची सवय लाव.

संशोधन तर मॉस्कोतही अडकलं. दृष्टिभ्रमाच्या चाचण्यांमध्ये लुरियांना वाटलं की या लोकांना भ्रम होतच नाहीत, त्यांनी खूश होऊन व्हिगॉट्स्कींना तार केली, 'उझबेकांना भ्रम नाहीत', आणि ती तार वरच्या लोकांनी भलत्याच अर्थाने घेतली असा किस्सा सांगतात. दुसऱ्या वर्षी जर्मन मानसशास्त्रज्ञ कर्ट कॉफ्का सोबत गेले, ते आजारी पडून परतले पण त्यांचं मत पडलं की भ्रम होतात, व्यवस्थित होतात. तार खरी असो नसो, सोव्हिएत माणसाला मागासलेला दाखवलं म्हणून टीका मात्र झाली आणि लुरियांचं या संशोधनावरचं पुस्तक छापायला १९७४ उजाडलं.

नमस्कार ताई. मी निवृत्त शिक्षक. 'जदीद मंडळींनी नाटकातून शाळेचा प्रचार केला' असं तुम्ही लिहिलंत. नाटकातून शाळेचा प्रचार म्हणजे पथनाट्यासारखं काही का?

सर, पथनाट्य नाही, चांगलं तिकीट लावून केलेलं नाटक. आणि त्याचे पैसे शाळांना.

आधी थोडी पार्श्वभूमी. तिथल्या जुन्या मक्तबात, म्हणजे पारंपरिक शाळेत, मुलं धर्मग्रंथ आणि फारसी कविता वर्षानुवर्षं पाठ करायची, घोकून सगळं तोंडपाठ, पण नवीन कागद हातात दिला तर वाचता येईलच असं नाही. क्रिमियातल्या इस्माईल गास्प्रिन्स्की यांनी १८८४ मध्ये बाख्चिसरायला नव्या पद्धतीची शाळा काढली, आवाजावरून अक्षर शिकवायचं, काही महिन्यांत मूल वाचायला लागतं. ती पद्धत तुर्कस्तानात, म्हणजे तेव्हाच्या रशियन मध्य आशियात, पोचली, बाकं, नकाशे, भूगोल, गणित आलं आणि त्यासोबत भांडणंही. या नव्या पद्धतीवरूनच ती चालवणाऱ्यांना जदीद, म्हणजे नवे, म्हणायला लागले.

त्यातले समरकंदचे महमूदखोजा बेहबुदी. त्यांनी १९११ मध्ये 'पदरकुश' लिहिलं, म्हणजे बापाचा खुनी, आणि जोडशीर्षक काय तर न शिकलेल्या मुलाची अवस्था! गोष्ट सरळ आहे. श्रीमंत बाप, मुलगा ताशमुराद शाळेत नाही. आधी एक मौलवी येऊन सांगतो की पोराला शिकव, मग एक नवशिक्षित माणूस येऊन सांगतो, आणि शिक्षणावरचं त्याचं ते लांबलचक भाषण चालू असताना बाप चक्क पेंगतो. मला अख्ख्या नाटकात हा प्रसंग सगळ्यात जास्त आवडतो, कारण बेहबुदींना माहिती होतं की समोर बसलेले बरेचसे प्रेक्षकही अशा भाषणाला पेंगतात. पुढे पोरगा टोळक्यात, दारूत, पैसे हवेत म्हणून बापाच्याच घरात चोरी आणि त्यात बापाचा खून. नाटक म्हणून बघितलं तर पात्रं पुठ्ठ्याची आहेत, खरं सांगायचं तर. मुलाच्या मनात काय चाललंय याचा पत्ताच लागत नाही, लेखकाला तो नकोच आहे, त्याला बापाला घाबरवायचंय. छापताना त्यांनी ते बोरोदिनोच्या लढाईच्या (१८१२ ची रशिया-नेपोलियन लढाई) शताब्दीला अर्पण केलं, झारच्या सेन्सॉरसमोर ही युक्ती उपयोगी पडली. १५ जानेवारी १९१४ ला समरकंदला पहिला प्रयोग झाला, नंतर ताश्कंदला.

ताश्कंदची नाटकमंडळी उभी केली अब्दुल्ला अवलोनी यांनी, ते स्वतः शिक्षक, शाळेची पुस्तकं लिहिणारे. त्यांचं १९१३ चं एक वाक्य उझबेकिस्तानात आजही शिक्षणाच्या प्रत्येक कार्यक्रमात ऐकू येतं, आपल्यासाठी मुलांना घडवणं हा जगण्याचा नाहीतर मरणाचा, तरण्याचा नाहीतर बुडण्याचा, सुखाचा नाहीतर संकटाचा प्रश्न आहे, अशा अर्थाचं. बेहबुदींना मात्र १९१९ मध्ये बुखाऱ्याच्या अमीराच्या माणसांनी कार्शीत पकडून मारलं. बाकीच्यांपैकी लेखक फितरत, कवी चोल्पान आणि कादंबरीकार अब्दुल्ला कादिरी या तिघांना ४ ऑक्टोबर १९३८ ला ताश्कंदमध्ये गोळ्या घातल्या, स्टालिनच्या काळात. शाळा आणि साहित्य एकाच हाताने चालवणारी जवळजवळ अख्खी पिढी गेली.

बाबर उझबेक लेखक कसा? तो तर मुघल ना?

दोन्ही. अंदिजानमध्ये १४८३ ला जन्म, आणि 'बाबरनामा' लिहिला तो चगताई तुर्कीत, जी आजच्या उझबेकची जुनी साहित्यिक भाषा. अंदिजानच्या लोकांची बोली म्हणजे नवाईंची लिखाणाची भाषाच, असं तो अभिमानाने लिहितो. अलीशेर नवाई (१४४१–१५०१) हेरातचे, तिथले सगळ्यात मोठे कवी. 'बाबरनामा'चा फारसी अनुवाद नंतर १५८९ मध्ये अकबरासाठी अब्दुर्रहीम खानखानानने केला.

शिक्षणाबद्दल विचारत असाल तर १५२८ च्या शेवटी बाबराने हुमायूनला लिहिलेलं पत्र वाचा. हुमायूनला मुलगा झालाय, बाप अभिनंदन करतो आणि मग सुरू होतो. तू पत्र पाठवलंस पण स्वतः एकदा वाचून बघितलंस का, बघितलं असतंस तर तुलाच वाचता आलं नसतं. स्पेलिंग चुकलंय, तेही कुठलं अक्षर चुकलं ते सांगतो. वाक्यं अलंकारिक करायला जातोस म्हणून अर्थ लागत नाही, पुढच्या वेळी साधं सोपं लिही, तुलाही त्रास कमी आणि वाचणाऱ्यालाही. बादशाहच्या पोरालाही सुटका नाही!

ताई, मला पीएच.डी.साठी उझबेक साहित्य आणि मानसशास्त्र असं एकत्र काहीतरी घ्यायचंय. गाइड म्हणतात पात्रांचं मानसशास्त्रीय विश्लेषण कर. कुठून सुरुवात करू?

गाइडचं ऐक पण थोडं वाकवून. पात्राला पेशंट करून त्याला डिसऑर्डरचं नाव चिकटवायचं, असे थिसिस ढिगाने आहेत आणि त्यातून ना साहित्य कळतं ना मन.

अब्दुल्ला कह्हार यांची 'बेमोर' ही कथा घे, आजारी बाई, १९३६ ची, चार-पाच पानांची. कह्हार चेखॉव्हचे अनुवादक, कमी शब्दांत काम करणारे. सोतीबोल्डीची बायको आजारी पडते. मौलवीने फुंकर मारून झाली, वैद्याने रक्त काढून झालं, उपयोग नाही. शहरातल्या डॉक्टरचे पैसे कुठून आणायचे. मग कोणीतरी म्हातारी सांगते की निष्पाप लेकराने पहाटे केलेली दुवा ऐकली जाते. घरात चार वर्षांची मुलगी. तिला रोज पहाटे गाढ झोपेतून उठवायचं आणि ती बोबडं बोलत आईसाठी दुवा मागते. एका पहाटे आई जाते. बाप मुलीला आईजवळून उचलून दुसरीकडे निजवायला जातो, तर तिला जाग येते आणि डोळेही न उघडता तिची रोजची दुवा सुरू होते.

आता यावर 'जादुई विचारसरणी' असं लेबल लावून पुढे जाता येतं. पण तू बघ की त्या घरात अंधश्रद्धा नेमकी कुठे येते. सगळे उपाय आणि पैसे संपल्यावर. आणि मुलीचं काय, तिला तर अर्थ कळतच नाही, तिची सवय झालीय. मूल मोठ्यांच्या भीतीचं ओझं कसं उचलतं, हा खरा मानसशास्त्राचा प्रश्न, आणि तो कथेत एकदाही शब्दात सांगितलेला नाही. पुन्हा तेच, साल बघ. गोष्ट क्रांतीआधीच्या काळातली, छापली सोव्हिएत काळात, म्हणजे जुनी राजवट किती वाईट होती हे दाखवणं लेखकाच्या सोयीचंही होतं. तरी कथा प्रचारकी होत नाही, ती का होत नाही यावरच एक प्रकरण होईल.

विषय सुचवू? उझबेक गद्यातलं मूल. एका टोकाला बेहबुदींचा ताशमुराद, ज्याला मनच नाही. मग ही चार वर्षांची मुलगी. मग गफूर गुलाम यांचा 'शुम बोला', घरातून पळालेला खट्याळ पोरगा, तोही १९३६ चाच. गफूर गुलाम स्वतः लहानपणी पोरके झालेले, आणि युद्धात हजारो अनाथ मुलं ताश्कंदला आणली गेली तेव्हा १९४२ ला 'तू पोरका नाहीस' ही कविता त्यांनीच लिहिली. तीस वर्षांत मुलाकडे बघायची नजर कशी बदलली, याला मजकूर भरपूर आहे.

एक अडचण आत्ताच सांगून ठेवते. लिपी. १९२९ च्या आसपासपर्यंत अरबी, मग लॅटिन, १९४० पासून सिरिलिक, १९९३ च्या कायद्याने परत लॅटिन, आणि अजूनही सिरिलिक गेलेली नाही, दोन्ही चालतात. म्हणजे कह्हारांची एकच कथा तुला वेगवेगळ्या लिपीत भेटेल, आणि सोव्हिएत काळात कादिरी-चोल्पानांच्या आवृत्त्यांमध्ये काटछाटही झालीय, त्यामुळे कुठली आवृत्ती वापरली हे पहिल्याच पानावर लिही. सिरिलिक आठवडाभरात वाचता येते, घाबरू नकोस. भाषा शिकायला ताश्कंदला २०१६ मध्ये सुरू झालेलं नवाईंच्या नावाचं उझबेक भाषा-साहित्य विद्यापीठ आहे, तिथल्या विभागांना थेट मेल कर.

एकच पुस्तक वाचायचं तर कुठलं?

कादिरींचं 'ओत्कन कुनलार', गेलेले दिवस. पहिली उझबेक कादंबरी मानतात, १९२२ पासून मासिकात येत गेली. एकोणिसाव्या शतकातला ताश्कंद आणि मर्गिलान, अताबेग आणि कुमुश हे जोडपं, आणि आईबापांच्या हट्टाने झालेलं दुसरं लग्न. सुरुवातीची पन्नासेक पानं नावं लक्षात ठेवण्यात जातात, तिथे पुस्तक ठेवून देऊ नका. इंग्रजीत मार्क रीझ यांचा अनुवाद आहे.