तिसरीच्या वर्गासाठी घरच्या घरी बोर्ड गेम कसा बनवावा? थर्माकोल, लॅमिनेशन लागेल का?

लॅमिनेशन लागत नाही. थर्माकोलला तर हातही लावू नका. कॅलेंडरचं पाठकोरं पान, खाली खोक्याचा पुठ्ठा, खळ आणि स्केचपेन एवढं पुरे. सोंगट्यांना बाटल्यांची झाकणं.

खरी मेख आकडे मांडण्यात आहे. नेहमीच्या सापशिडीत ओळी नागमोडी जातात, त्यामुळे २४ च्या डोक्यावर ३७ येतो. तुमच्या पटावर प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. मग २४ च्या वर ३४, त्याच्या वर ४४, आणि दहा मिळवायचे म्हणजे एक घर वर, हे मुलांना न सांगता दिसतं.

दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. माझ्या वर्गातली एक मुलगी २८ वर होती, चार पडले. तिने सोंगटी सरकवली, "एक, दोन, तीन, चार." सोंगटी ३२ वर गेली, पण ३२ हा आकडा काही तिच्या तोंडून आला नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम: ज्या घरात जाल त्याचं नाव घ्यायचं. एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस. चुकलं की सोंगटी परत. आधी ती एकोणचाळीस-एकोणपन्नासला हमखास अडायची. मग शेजारच्या मुली "अगं, चाळीसच्या आधीचा!" म्हणून ओरडायच्या आणि माझं काम त्याच करायच्या. लास्की आणि सिग्लर या अमेरिकन संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर शंभरपर्यंतच्या पटाने हेच तपासलं. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांपेक्षा घरावरचा आकडा म्हणत जाणारी मुलं जास्त शिकली.

आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक मात्र म्हणायचे, "बाई, पट कपाटात ठेवा, साहेब आले की काढू. मुलं मळवतात." आणि वर, "खेळत बसलात तर अभ्यासक्रम कधी संपणार?" सर, मळलेला पट म्हणजे वापरलेला पट. कुलपातलं चकचकीत साहित्य प्रदर्शनात नंबर मिळवतं, पण त्यावर एकाही मुलाचं बोट फिरलेलं नसतं. आणि अभ्यासक्रम पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी संपत नाही, तो मुलाला आल्यावर संपतो. हे मी तेव्हाही तोंडावर बोलले होते, आजही बोलते.

फाशाऐवजी घासून अर्धे केलेले चार चिंचोके घ्या, पांढरे पडतील तितकी घरं पुढे. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं तर १६ शक्यतांपैकी ६ वेळा दोन येतात. मोठी मुलं याचं कारण विचारतातच.

एका पटावर चौघांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर पाळी येईपर्यंत भांडणं लागतात. पट कमी पडले तर फरशीवर खडूने आखा. आणि दशक-एकक आधी काड्यांच्या जुड्यांनीच शिकवा, पट त्यानंतरच काढा.